सूरची गाडी तुम्ही का नाकारलीत

सदाभाऊ,

सूर गावची ती गाडी तुम्ही का नको म्हणालात, ते मला कळलं. तुम्ही गेल्यानंतर नऊ दिवसांनी कळलं. ज्याने सांगितलं त्याला तुम्ही बजावून ठेवलं होतं की मॅडमला सांगू नको. तरी त्याने सांगितलं. त्याच्यावर रागावू नका. त्याला वाटलं, माणूस गेल्यावर त्याला दिलेला शब्द सुटतो. मला तसं वाटत नाही, पण त्या दिवशी मी त्याला थांबवलंही नाही. मला जाणून घ्यायचं होतं.

तुम्हाला माझी ही खोड माहीत आहे. आपली ओळखच तिच्यामुळे झाली. दोन वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका दुपारी, इथे आखातात, अल खौदला युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर माझी गाडी बंद पडली. गॅरेजने रिकव्हरी पाठवली. रिकव्हरी म्हणजे बंद पडलेल्या गाड्या पाठीवर घालून नेणारा छोटा ट्रक, हे मला इथे आल्यावर कळलं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती म्हणाली, "मम्मा, रिकव्हरी म्हणजे गेट वेल ना? मग गाडी बरी होणार?" तुम्ही विंचचा, म्हणजे गाडी ओढून घेणाऱ्या चरखीचा, हुक अडकवत होता. तुम्हाला नुसतं 'गेट वेल' ऐकू गेलं असावं, तुम्ही हसलात.

तुम्ही माझी गाडी वर ओढून घेत होता आणि मी तुमच्या ट्रकच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसले होते. तुम्ही हिंदीत विचारलंत, "मॅडम, गाडी ऊपर है, आप नीचे क्या देख रहे हो?" मी मुलीला मराठीत हाक मारली, तेव्हा तुमची भाषा बदलली. "मराठी काय? मग सांगा, काय बघतास तुमी खाली?"

मी म्हटलं, "इथलं वेल्डिंग चुकलंय."

मी पोलादी इमारतींचे सांगाडे डिझाइन करते. बौशरच्या ऑफिसात दिवसभर तुळया, खांब आणि जोड यांच्यातच असते. कुठलंही लोखंड दिसलं की नजर जोडाकडे जाते. तुमच्या ट्रकच्या चेसिसला कधीतरी तडा गेला होता आणि कोणीतरी खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग मारून तो बुजवला होता. आजवर अशा वेळी मला लोकांनी विचारलं आहे की तुम्ही कुठे शिकलात, तुम्हाला कसं माहीत, तुमचे मिस्टर काय करतात. तुम्ही इंजिन बंद केलंत, त्या तापलेल्या डांबरावर अंगाखाली पुठ्ठा टाकून आडवे झालात आणि खालून विचारलंत, "चुकला म्हंजे कसा चुकला?"

भाऊ, माझी तुमच्याशी मैत्री त्या प्रश्नापासून झाली.

मग प्रश्न येतच राहिले. माझी गाडी दुरुस्त होऊन परत आली तरी तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर येत राहिले. लोखंड थकतं म्हणजे काय? दिसायला तसंच असतं, मग थकल्याचं कळतं कसं? चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडलं तर ताकद जाते, मग मधल्या उभ्या भागाला भोक पाडलं तर का जात नाही? मी एकदा तुम्हाला फूटपट्टी वाकवून दाखवली, की वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं आणि मधे फारसं काही होत नाही. तुम्ही ती फूटपट्टी माझ्या हातातून घेतलीत आणि चहा थंड होईपर्यंत वाकवत बसलात. मग म्हणालात, "पंचवीस वर्सा हाताक ह्या माहीत होता. आता डोक्याक समाजला."

मीही तुमच्याकडून कमी शिकले नाही. वापरलेला ट्रक बघायला गेल्यावर मालकाशी हात मिळवायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागला, तर आपण यायच्या आत त्याने इंजिन चालू करून ठेवलं होतं आणि थंड इंजिनाचा धूर त्याला आपल्यापासून लपवायचा होता. मीटरवरचा आकडा बघायचा नाही, ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघायचं. सपाट जागेवर ट्रक उभा करून मागून दहा पावलं लांब जायचं आणि दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे पाटे सारखे बसलेत का ते नुसत्या नजरेने बघायचं. हे सगळं तुम्ही मला शिकवत होता तेव्हा मला ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. ती वेळ या हिवाळ्यात आली.

तुमचा तो जुना ट्रक तपासणीत नापास झाला. तो पुन्हा दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असं तुम्ही स्वतःच अर्बाबला, म्हणजे गॅरेजच्या मालकाला, सांगितलंत. सलीम अर्बाब मोठा माणूस आहे, पण त्याला ट्रकमधलं काही कळत नाही आणि तसं तो उघड सांगतो. तो म्हणाला, "सदा, तू पसंद कर, मैं साइन करेगा." रिकव्हरी नसेल तर गॅरेजला तुमची गरज उरत नव्हती. व्हिसा संपायला दोन महिने होते. तुम्हाला अजून तीन वर्षं इथे काढायची होती, गावच्या घराचा वरचा मजला होईपर्यंत. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही मीच खोदून विचारलं म्हणून. पण तुम्ही जे पुन्हा पुन्हा सांगायचात ते वेगळं होतं. "ताई, वर दुसऱ्याची गाडी असता. कधीकधी ड्रायव्हर सीटवर तो माणूस पण बसता माझ्या बाजूक. ट्रक कसा असा, ता त्येका माहीत नसता."

मग आपण शुक्रवारी सकाळी ट्रक बघत हिंडायला लागलो. माझे मिस्टर म्हणायचे, लोक शुक्रवारी समुद्रावर जातात, तुम्ही दोघं ग्रीस बघायला जाता.

पहिला ट्रक दिसायला नवा होता, पण त्याचं पाठीवरचं लोखंडी फलाट इतकं जड होतं की मी कागदावर हिशेब मांडला आणि म्हटलं, यावर मोठी जीप चढवली की कायदेशीर वजन संपलं. तुम्ही म्हणालात, "म्हंजे ह्यो ट्रक स्वतःकच उचलता." दुसऱ्याचं फलाट हायड्रॉलिकने मागे सरकून जमिनीला टेकत होतं, म्हणजे खाली बसलेल्या गाड्यांचे बंपर घासले नसते. तुम्हाला तो फार आवडला होता. पण फलाट मागच्या चाकांच्या बरंच पलीकडे गेलं होतं. मी म्हटलं, मागे वजन आलं की पुढची चाकं हलकी होतील, घाटात स्टिअरिंग हातात राहणार नाही. तुम्ही बराच वेळ त्याच्याभोवती फिरलात. मग मालकाला सांगितलंत, "अर्बाब से पूछके बोलेगा." परतताना मला म्हणालात, "तुमचा खरा असा. पण सरकता कसा छान." तिसऱ्याच्या चेसिसवर ताजा काळा रंग होता. तो तुम्ही आणि मी एकमेकांकडे एकदा बघून सोडून दिला.

चौथा सूरचा.

सूरला जाताना कुरियातच्या पुढे समुद्र दिसायला लागला तेव्हा तुम्ही सांगत होता की कोकणातून पहिल्यांदा इथे आलात तेव्हा हाच समुद्र आपल्या गावासमोरचा, हे तुम्हाला कितीतरी दिवस पटतच नव्हतं. आपण सूरला पोचलो तेव्हा ट्रकचा मालक नासर त्याच्या घराबाहेर उभाच होता. साठीच्या पुढचा, मासेमारीत आयुष्य गेलेला माणूस. बॉनेट थंड होतं. पायपट्टीचं रबर मीटरवरच्या आकड्याशी जुळत होतं. पाटे सारखे. विंचची तार नवी. इंजिन पहिल्या फिरकीला चालू झालं आणि धूर जेमतेम दिसला. नासरने आपल्यासमोर खजूर आणि कहवा ठेवला आणि कुठे काय बदललं ते न विचारता सांगितलं.

आणि चेसिस. मी खाली गेले तर चेसिसच्या आत दुसरी पट्टी बसवलेली होती, पूर्ण लांबीभर. डबल चॅनेल. मला इतका आनंद झाला. मी हातोडीने जागोजागी ठोकून बघितलं, जाडी मोजली, बोल्ट बघितले. बाहेर येऊन नासरसमोर, त्याच्या मुलासमोर आणि तुमच्यासमोर मी जाहीर केलं, "भाऊ, आपण चार बघितल्या, त्यात हिची चेसिस सगळ्यात उत्तम आहे. डोळे मिटून घ्या."

तुम्ही खाली गेलात. बराच वेळ खाली होता. बाहेर येऊन हात पुसलेत, नासरशी हात मिळवलात, त्याच्याशी त्याच्या होडीबद्दल बोललात, आणि गाडीत बसल्यावर मला म्हणालात, "नको."

मी विचारलं, "का?"

"मन घेणा नाय."

"मन घेत नाही म्हणजे काय? काय दिसलं तुम्हाला?"

"काय नाय. मन घेणा नाय."

भाऊ, तुम्हाला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा तुम्ही मला 'का' या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. मी चिडले. रस्ता लांब होता आणि मी बोलत राहिले. मी म्हटलं, व्हिसाचे दिवस संपत चाललेत. मी म्हटलं, मन हे काही मोजमाप नाही. शेवटी म्हटलं, "तुम्ही मनावरच ठरवणार होता, तर मला कशाला आणलंत? माझे चार शुक्रवार गेले." तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. "तां खरा," एवढंच म्हणालात. तुम्हाला गॅरेजपाशी सोडताना मी गाडीतून उतरलेही नाही.

नंतर बारा दिवस मी फोन केला नाही. अकराव्या दिवशी तुमची व्हॉइस नोट आली. "ताई, बरकाक एक ट्रक बघितलंय. बरो वाटता. शुक्रवारी येशात काय? आणि जरा बोलायचा पण असा." मी उत्तर लिहिलं, "बघते." एकच शब्द. खरं तर मी यायचं ठरवलेलं होतं. फक्त लगेच हो म्हणायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी सलीमचा फोन आला. तो रडत होता, त्यामुळे आधी मला काही समजेना. तुम्ही गॅरेजच्या सावलीत स्टुलावर बसला होता, म्हणे. चहा मागवला होता. चहा येईपर्यंत तुम्ही नव्हता.

पुढचं सगळं सलीमने केलं. कागद, हॉस्पिटल, गोव्याच्या विमानापर्यंत. मी त्याच्याबरोबर होते, पण बहुतेक वेळ नुसती उभी होते. सही कुठे करायची ते मी त्याला दाखवत होते, कारण त्याला दिसत नव्हतं.

आठव्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, काम बंद है. गाडी तो लेना पडेगा. सूरवाली आपने पास किया था ना?"

मी हो म्हटलं. तुम्हाला खरं सांगते, तुमच्याशी कधी खोटं बोलले नाही आणि आता तर बोलायचं कारणच नाही. सलीमचं काम अडलं होतं हे होतंच, पण मी हो म्हटलं ते तेवढ्यासाठी नाही. मला ती गाडी विकत घेऊन दाखवायची होती. कोणाला दाखवायची होती, विचारू नका. तुम्ही जाऊन नऊ दिवस झाले होते आणि मी तुमच्याशीच वाद जिंकायला सूरला निघाले होते.

नासरने आम्हाला बसवलं. तुमचं ऐकलं तेव्हा त्याने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग सलीमशी अरबीत बोलला. सलीम माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, ये बोलता है, गाडी नहीं बेचेगा. सदा ने फोन किया था इसको."

नासर मला हाताने बोलावत ट्रकपाशी घेऊन गेला. त्याची हिंदी तुटक होती, पण पुरेशी होती. आपण येऊन गेल्यावर दोन दिवसांनी तुम्ही त्याला फोन केलात. म्हणालात, चाचा, इस गाडी पे बोट लेके जाता था ना? समुद्रातून काढलेली होडी, पाणी गळत असतानाच फलाटावर चढवायची. हो, तो म्हणाला, वर्षानुवर्षं. मग तुम्ही त्याला सांगितलंत की दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घाल, मागच्या चाकाच्या वर, डाव्या बाजूला. आणि यावर आता भारी गाडी घालू नकोस, कोणाला विकूही नकोस, माणूस मरेल.

नासरने माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. मी खाली गेले. बाहेरून पट्टी तशीच होती, सरळ आणि साफ. मी फटीत टोक घातलं आणि ते आत गेलं. मूठ अडेपर्यंत गेलं. ओढून काढलं तर खपल्याच्या खपल्या माझ्या तोंडावर पडल्या. दोन पट्ट्यांच्या मधे खारं पाणी शिरत होतं, त्याला बाहेर यायला वाट नव्हती, आणि आतून लोखंडाचा पापुद्रा झाला होता. डबल चॅनेल. ज्यासाठी मी ती गाडी पास केली, तिथेच ती मेली होती. आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. समुद्राकाठच्या इमारतींसाठी असे जोड काढताना मी स्वतः ड्रॉइंगवर लिहिते की इथे पाणी साचू देऊ नका.

मी खाली पडून राहिले. सलीमला वाटलं मला चक्कर आली.

नासर म्हणाला, "वो बोला, मॅडम को मत बोलना. मॅडम बहुत अच्छा देखती है, बस समंदर का गाडी कभी नहीं देखा."

परतताना मी गाडी चालवत होते आणि मला तुमचा राग येत होता. माझ्यापेक्षा एका परक्या माणसाला तुम्ही आधी सांगितलंत. मला तीन तास गाडीत तुमच्यावर ओरडू दिलंत. नासरसमोर माझं हसं होऊ नये म्हणून तिथे गप्प बसलात, ते समजलं. पण गाडीत आपण दोघंच होतो, भाऊ. तिथे का नाही? मी तुमच्या चेसिसचं वेल्डिंग चुकलं म्हणाले तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं का? तुम्ही पुठ्ठा टाकून आडवे झाला होता. मला निदान पुठ्ठा टाकायची संधी द्यायची.

आणि मग, कुरियातच्या अलीकडे कुठेतरी, मला दुसरं दिसलं. सलीमला मी आठव्या दिवशी हो म्हटलं होतं. तुम्ही नासरला फोन केला नसतात, तर तो ट्रक दुसऱ्याच दिवशी माझ्या शब्दावर विकत घेतला गेला असता. कोणीतरी ड्रायव्हर तो चालवत असता. त्याच्या बाजूला ज्याची गाडी बंद पडली तो माणूस. तुम्ही त्यांना वाचवलंत, आणि त्यांच्यापैकी कोणाला कधी कळणारही नाही. मला कळलं. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे, मला सुचत नाही. राग आणि आभार दोन्ही एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस फोन उचलत नाही.

बरकाचा ट्रक मी आणि सलीमने शुक्रवारी जाऊन बघितला. नवीन ड्रायव्हर गुरमीतसिंग पण आले होते, पंजाबचे, तुमच्याच वयाचे, कमी बोलणारे. ट्रक साधा आहे. फलाट सरकत नाही, लांब फळ्या लावाव्या लागतात. चेसिस एकेरी आहे, सगळी उघडी, हात लावून बघता येते. एका पाट्याचं एक पान तुटलेलं होतं, तेवढं बदलून घेतलं. माझी तपासणी झाल्यावर मी गुरमीतसिंगांना म्हटलं, आता तुम्ही बघा, माझ्या नजरेतून काही सुटलं असेल. ते थोडे चकित झाले, पण बघायला गेले. त्यांना बॅटरीखाली गंजलेला ब्रॅकेट सापडला, जो मला दिसला नव्हता. तो पण बदलला. मुल्किया, म्हणजे गाडीची नोंदणी, सलीमच्या नावावर झाली आणि ट्रक आता रस्त्यावर आहे.

काल मी गावी सुलभावहिनींना फोन केला. आधी दोनदा केला होता, तेव्हा आम्ही दोघी फक्त रडलो. काल त्यांनी गावचं सांगितलं, घराचं सांगितलं, वरच्या मजल्याच्या भिंती तशाच ठेवणार म्हणाल्या, सध्या पत्रे टाकणार. मग मी सूरचं सांगितलं. मला वाटलं, त्यांना हे नवीन असेल.

त्या म्हणाल्या, "माका माहीत असा. सगळा फोनार सांगीत होते. ताईंका कसा सांगू, ता कळणा नाय म्हणत. सांगितलंय तर वाईट वाटात, आणि नाय सांगितलंय तर पुढच्या टायमाक परत तसाच होतला. मी म्हटलंय, सरळ सांगा, ती बाई शिकलेली असा. तर म्हणाले, म्हणानच सरळ सांगूक जमणा नाय."

मी विचारलं, "मग?"

"मंगळवारी फोन केल्यांनी ना, तो शेवटचो. तेव्हा खूश होते. म्हणाले, शुक्रवारी सांगतंय. शब्द जुळवून ठेवलेत."

मी विचारलं, वहिनी, कोणते शब्द?

"ता काय सांगूक नाय," त्या म्हणाल्या.

भाऊ, तुम्ही दहा-अकरा दिवस त्या शब्दांवर बसला होता, जसे फूटपट्टी घेऊन बसला होता तसेच. तुम्ही त्यातला एकेक उचलून बघितला असेल, हा लागेल का, हा चालेल का. इतका विचार माझ्यासाठी माझ्या घरच्यांनी तरी कधी केला आहे का, मला माहीत नाही. मी त्याचं उत्तर दिलं होतं 'बघते'.

बाकी सगळं मी शोधून काढलं. सूरला गेले, स्क्रू-ड्रायव्हर घातला, नासरला विचारलं, वहिनींना विचारलं. ते शब्द कोणते, हे एकच राहिलं आहे, आणि ते आता कोणाला विचारायचं ते मला कळत नाही.